डिपेंडंट व्हिसावरची आई, दोन मुले आणि लंडनमधली एक कौन्सिल: प्रकरण अभ्यास

कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून वये, तारखा आणि गावे बदलली आहेत. काही बारकावे अशाच स्वरूपाच्या इतर प्रकरणांतून घेतले आहेत. कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, नाव मुद्दाम दिलेले नाही. कायद्याचे सगळे संदर्भ इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदे निराळे आहेत.

पार्श्वभूमी

आई 31 वर्षांची, सातारा जिल्ह्यातली, बी.कॉम. झालेली. नवरा आयटी कंपनीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. ती आणि दोन मुले त्याच्या डिपेंडंट व्हिसावर. मुलगा 6 वर्षांचा, जन्म साताऱ्याचा. मुलगी अडीच वर्षांची, जन्म लंडनचा. मुलगी इथे जन्मली म्हणून ती ब्रिटिश आहे अशी घरात सगळ्यांची समजूत होती आणि ती चुकीची होती. 1 जानेवारी 1983 पासून यूकेमध्ये जन्मलेल्या बाळाला जन्मतः नागरिकत्व मिळण्यासाठी आईवडिलांपैकी एक जण ब्रिटिश किंवा तिथे कायमचा स्थायिक असावा लागतो. या घरात चौघेही भारतीय नागरिक होते.

चौघांच्याही व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ ही अट होती. लोक तिला एनआरपीएफ म्हणतात. या अटीमुळे युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत), चाइल्ड बेनिफिट, कौन्सिलचे घर आणि बेघरांसाठीची कौन्सिलची मदत मिळत नाही. काय मिळते, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. सरकारी शाळा, एनएचएसचे उपचार (त्यासाठी हेल्थ सरचार्ज आधीच भरलेला असतो) आणि मुलांच्या कायद्याखाली कौन्सिलने द्यायची मदत ही ‘पब्लिक फंड्स’च्या यादीत येतच नाही. शिवाय स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला नोकरी करण्याची मुभा असते. या बाईंना ती होती, पण त्यांना तसे कधी सांगितले गेले नव्हते.

जानेवारी 2025 मध्ये घरातल्या मारहाणीमुळे शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. नवऱ्याला अटक झाली आणि घराकडे फिरकायचे नाही, बायकोशी संपर्क करायचा नाही या अटींवर जामीन मिळाला. भाडेकरार एकट्या त्याच्या नावावर होता. फेब्रुवारीचे भाडे त्याने भरले नाही आणि जॉइंट खात्यावरचे तिचे कार्ड बंद केले. तिच्या स्वतःच्या खात्यात 86 पौंड होते. साताऱ्याहून सासूचा रोज फोन यायचा, “घरातलं घरात ठेव.” नवऱ्याचे मित्र ‘समजूत घालायला’ दारात यायला लागले, तेव्हा तिने मुलांना घेऊन घर सोडले. एका मराठी ओळखीच्या घरी त्यांनी दोन रात्री काढल्या. पुढे ठेवून घेणे त्या घरालाही जमण्यासारखे नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या शाळेतल्या सेफगार्डिंग बघणाऱ्या शिक्षिकेने कौन्सिलच्या मॅश टीमकडे, म्हणजे बालसुरक्षेच्या तक्रारी प्रथम जिथे येतात तिथे, रेफरल पाठवले.

पहिल्याच दिवशीचे उत्तर

ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याने फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. एनआरपीएफ असल्याने आम्ही काही करू शकत नाही. हाय कमिशनकडे जा, ते तिकीट देतील. आणि फारच अडचण असेल तर मुलांना आम्ही ठेवून घेऊ शकतो, तुम्हाला नाही.

पहिले वाक्य कायद्याला धरून नाही. चिल्ड्रन अ‍ॅक्ट 1989 च्या कलम 17 प्रमाणे आपल्या हद्दीतल्या गरजू मुलांचे हित सांभाळणे ही कौन्सिलची जबाबदारी आहे आणि त्यासाठी राहण्याची सोय किंवा रोख रक्कम देता येते. शक्यतो मुलांनी आपल्याच कुटुंबात वाढावे, असे तेच कलम सांगते. आईच्या व्हिसावरची अट आईच्या बेनिफिटपुरती असते. डोक्यावर छप्पर नसलेले मूल तिच्यामुळे कमी गरजू ठरत नाही. शिवाय डोमेस्टिक अब्यूज अ‍ॅक्ट 2021 नुसार घरातला हिंसाचार पाहणारे, ऐकणारे मूल स्वतःच पीडित मानले जाते. मॅशच्या नोंदीत यातले काहीच आले नव्हते. तिथे फक्त ‘व्हिसा: एनआरपीएफ’ एवढेच लिहिले होते.

तिसरे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करते. मुले काढून घेतील या धास्तीने अनेक आया तिथेच फोन ठेवतात आणि परत मारहाणीच्या घरात जातात. याही बाई जायला निघाल्या होत्या. शिक्षिकेने त्यांना शाळेच्या ऑफिसात बसवून ठेवले आणि एका लॉ सेंटरला (कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला) फोन लावला, म्हणून त्या थांबल्या.

संध्याकाळी लॉ सेंटरच्या वकिलाने कौन्सिलला पत्र पाठवले. ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे सरकारी निर्णयाला कोर्टात आव्हान, दाखल करण्याआधी द्यायचे हे पत्र असते. एरवी उत्तराला 14 दिवस देतात, इथे त्याच रात्रीच्या निवाऱ्याची मागणी होती. कलम 17 खाली घर देण्याचा अधिकार कौन्सिलला आहे, पण ते दिलेच पाहिजे अशी सक्ती नाही, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच सर्वोच्च न्यायालय होते) 2003 मध्येच बार्नेट कौन्सिलच्या खटल्यात सांगितले होते. म्हणून ‘घर द्या’ असा हक्क सांगण्यात अर्थ नव्हता. पत्राचा भर निराळ्या मुद्द्यावर होता: रेफरल आल्यावर एका कामकाजाच्या दिवसात काय करायचे ते ठरवणे बंधनकारक आहे, मुलांच्या गरजांची तपासणी झालेली नाही, आणि तपासणी न करता दिलेला नकार टिकणार नाही. रात्री साडेनऊला कुटुंबाला एका बी अँड बीमध्ये खोली मिळाली.

तपासणीत कुठे अडले

पूर्ण मूल्यमापनाला जास्तीत जास्त 45 कामकाजाचे दिवस असतात. त्या काळात तात्पुरती मदत देता येते आणि इथे ती मिळाली. पण तपासणी तीन ठिकाणी अडखळली.

पहिले, ह्यूमन राइट्स असेसमेंट. ‘कुटुंब भारतात परत जाऊ शकते का’ हे पाहणारा हा फॉर्म सोशल वर्करने उघडला. 2002 च्या इमिग्रेशन कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ज्यांना मदतीतून वगळले आहे, उदाहरणार्थ व्हिसा संपूनही राहिलेले लोक, त्यांच्यासाठीच तो असतो. या बाईंचा व्हिसा ऑक्टोबर 2026 पर्यंत वैध होता. वगळलेल्यांत त्या नव्हत्याच, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नव्हता. अनेक कौन्सिल एनआरपीएफ कनेक्ट या प्रणालीवरून होम ऑफिसकडे (यूकेच्या गृहखात्याकडे) व्हिसाची खात्री करून घेतात. इथे ती खात्री दुसऱ्या आठवड्यात झाली. पहिल्या दिवशी झाली असती तर तो फॉर्म उघडलाच गेला नसता.

दुसरे, पुण्यातला फ्लॅट. बँक स्टेटमेंट तपासताना दर महिन्याला भारतात जाणारी मोठी रक्कम दिसली. विचारल्यावर बाईंनी खरे ते सांगितले: पुण्याच्या बाहेर एका स्कीममध्ये दोघांच्या नावे फ्लॅट बुक केलेला आहे. सोशल वर्करने नोंद केली, ‘भारतात मालमत्ता आहे, निराधार म्हणता येत नाही.’ प्रत्यक्षात फ्लॅटचा ताबा मिळालेला नव्हता, हप्ता नवऱ्याच्या एनआरई खात्यातून जात होता आणि त्याच्या सहीशिवाय तो विकता येत नव्हता. हे तोंडी सांगून भागले नाही. तिच्या भावाने साताऱ्यातून इंडेक्स टू काढला, बिल्डरकडून ताबा न दिल्याचे पत्र आणि बँकेकडून कर्जाचे स्टेटमेंट मिळवले. “ताई, स्कॅन नीट वाचता येतंय का बघ, नाहीतर परत काढतो,” असे म्हणत त्याने तीनदा कागद पाठवले. सोबत दागिन्यांचाही प्रश्न आला: स्त्रीधन विकता येईल का? ते सासरच्या लॉकरमध्ये होते. निराधारपणा ठरवताना आज हातात काय आहे आणि आज काय मिळवता येईल तेच पाहायचे असते. कागदावरची पण हाती न येणारी मालमत्ता धरायची नसते. वकिलाने दोन ओळींत हे लिहून दिल्यावर नोंद बदलली.

तिसरा मुद्दा दुभाष्याचा. पहिल्या भेटीला आलेला दुभाषी हिंदीचा होता आणि त्याच भागात राहणारा होता. बाईंना हिंदी समजते, पण त्या काही बोलल्याच नाहीत. आपल्या लोकांचे वर्तुळ लहान, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवरा होता, आणि बोललेले फिरून त्याच्या कानावर जाईल ही भीती होती. पुढच्या वेळी फोनवरून, दुसऱ्या शहरातली मराठी बोलणारी स्त्री दुभाषी मिळाली. मारहाणीचा आणि पैसे अडवून ठेवण्याचा पूर्ण तपशील त्या दिवशी पहिल्यांदा नोंदला गेला.

आठवड्याचा खर्च

कौन्सिलने सुरुवातीला एकाच सुपरमार्केटची व्हाउचर दिली, माणशी एका ठरावीक दराने. दर कुठून आला याचे उत्तर मिळाले नाही. चाइल्ड बेनिफिटच्या आकड्यावर दर बांधणे चुकीचे आहे, हे न्यूहॅम कौन्सिलच्या 2014 च्या खटल्यात उच्च न्यायालयाने ठरवले. रक्कम त्या कुटुंबाच्या गरजेशी जोडलेली असली पाहिजे, हे सदर्कच्या 2016 च्या खटल्यातूनही स्पष्ट झाले.

बी अँड बी शाळेपासून दोन बस लांब होते. अकरा वर्षांखालच्या मुलांना लंडनमध्ये बसचे भाडे नाही. आईला मात्र सकाळी जाऊन-येऊन आणि दुपारी जाऊन-येऊन दिवसाची कमाल मर्यादा गाठावी लागे: 5.25 पौंड. पाच दिवसांचे 26.25. सुपरमार्केटच्या व्हाउचरवर बसमध्ये बसता येत नाही. पहिल्या आठवड्यात मुलगा दोन दिवस शाळेत गेला नाही आणि हजेरीपटावर विनाकारण गैरहजर असा शेरा आला. शाळेने तो खर्च कौन्सिलला लेखी कळवल्यावर रोख रक्कम सुरू झाली. त्यात डायपर, फोनचे रिचार्ज आणि लाँड्रीही धरली गेली. बी अँड बीत स्वयंपाकाची सोय नव्हती, फक्त मायक्रोवेव्ह होता. बाहेरच्या अन्नाचा वाढीव खर्च मात्र शेवटपर्यंत धरला गेला नाही. तो मागता आला असता.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बेघर कुटुंबाला बी अँड बीत सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचे नाही, हा नियम हाउसिंग कायद्याखालच्या निवाऱ्याला लागू आहे, कलम 17 खालच्या निवाऱ्याला नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर बसता येत नाही. खोली मुलांना का चालत नाही, हे शाळा, हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांचे आरोग्य पाहणारी नर्स) आणि जीपी (फॅमिली डॉक्टर) यांच्याकडून लिहून घ्यावे लागते. मुलीला ओल आलेल्या खोलीत खोकला लागला होता. हेल्थ व्हिजिटरच्या एका पानी पत्रानंतर नवव्या दिवशी स्वयंपाकघर असलेली एक खोलीची जागा मिळाली.

मुख्य निर्णय: कन्सेशनचा फॉर्म भरायचा की नाही

या प्रकरणाचा खरा पेच इथे होता आणि घाईत चूक होण्याची शक्यताही इथेच सर्वांत जास्त होती.

घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्थलांतरितांसाठी होम ऑफिसची एक सवलत (कन्सेशन) आहे. तिला पूर्वी डीडीव्हीसी म्हणत. फेब्रुवारी 2024 पासून तिचे नाव एमव्हीडीएसी झाले आणि कामगार व विद्यार्थी व्हिसाधारकांच्या जोडीदारांनाही ती खुली झाली. फी नाही, फॉर्म छोटा. मंजूर झाली की तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो आणि त्या काळात बेनिफिट घेता येतात.

एका रेफ्यूजमध्ये, म्हणजे हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रियांच्या निवाऱ्यात, जागा होती. पण रेफ्यूजचे भाडे बहुतेक ठिकाणी हाउसिंग बेनिफिटमधून येते, म्हणून त्यांनी अट घातली: आधी कन्सेशन घ्या. सोशल वर्करही तेच म्हणू लागली. बाईंना तर हा देवाने उघडलेला दरवाजा वाटला.

अडचण अशी की हे तीन महिने आधीच्या व्हिसात मिळवले जात नाहीत. ते त्याच्या जागी येतात. म्हणजे ऑक्टोबर 2026 पर्यंतचा, नोकरीची मुभा असलेला व्हिसा जातो आणि हातात तीन महिने उरतात. ज्यांचा नवरा ब्रिटिश किंवा स्थायिक आहे त्यांना पुढे हिंसाचारग्रस्त म्हणून कायम राहण्याचा अर्ज करता येतो. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला तो मार्ग नाही. बाईंना स्वतःचा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळवायचा तर पगाराची सर्वसाधारण मर्यादा तेव्हा 38,700 पौंड होती (जुलै 2025 पासून 41,700). मुले भारतीय, यूकेत सात वर्षे झालेली नाहीत, त्यामुळे मानवी हक्कांवर आधारलेला अर्जही कमजोरच.

भारतात परतणे हा पर्यायही मांडला गेला आणि बाईंनी तो झिडकारला नाही. पण वडिलांची संमती किंवा कोर्टाची परवानगी नसताना आईने मुलांना यूकेबाहेर नेणे हा 1984 च्या चाइल्ड अ‍ॅब्डक्शन कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्यातून भारत पळवून नेलेली मुले परत पाठवण्याच्या 1980 च्या हेग करारात नसल्याने इंग्लिश कोर्टे अशा परवानगीच्या बाबतीत विशेष सावध असतात. मुलांचे पासपोर्ट नवऱ्याकडे होते, नवे काढायला दोन्ही पालकांची संमती मागितली जाते. ‘हाय कमिशन तिकीट देईल’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याने यातले काहीच पाहिले नव्हते. ते तिकीट हातात घेऊन ती विमानतळावर गेली असती तर तिच्यावरच गुन्हा दाखल होण्याची वेळ आली असती.

इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार नोंदणीकृत सल्लागाराला किंवा अधिकृत वकिलालाच आहे. सोशल वर्करने, रेफ्यूजच्या कर्मचाऱ्याने किंवा मंडळातल्या जाणत्या काकांनी तो द्यायचा नसतो. वकिलाने सल्ला दिला की फॉर्म आत्ता भरू नका. व्हिसा आहे तोवर कलम 17 ची मदत आणि नोकरी यावर उभे राहा. नवरा ‘व्हिसा कॅन्सल करतो’ अशी धमकी देतो, पण ते त्याच्या हातात नाही. त्याने कळवले तर होम ऑफिस व्हिसाची मुदत छाटते आणि सहसा 60 दिवस देते. तसे पत्र आले की गमावण्यासारखे काही उरणार नाही. तेव्हा कन्सेशन घ्या.

रेफ्यूजची जागा गेली. तो निर्णय सोपा नव्हता. रेफ्यूजमध्ये सुरक्षितता आणि सोबत दोन्ही मिळाले असते. पण महिन्याच्या भाड्याची सोय लागावी म्हणून दीड वर्षाचा व्हिसा सोडणे योग्य नव्हते, असेच आमचे मत आहे. रेफ्यूजच्या पैशांची व्यवस्था बाईच्या व्हिसाचा निर्णय परस्पर करून टाकते, हा दोष व्यवस्थेत आहे.

पुढे काय झाले

नोकरीसाठी ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे कामाची मुभा ऑनलाइन दाखवणारा कोड, लागतो. व्हिसा दाखवणारी प्लास्टिकची बीआरपी कार्डे 31 डिसेंबर 2024 ला संपली होती आणि तिचे यूकेव्हीआय खाते (होम ऑफिसकडचे ऑनलाइन व्हिसा खाते) नवऱ्याच्या ईमेल-फोनवर उघडलेले होते. लॉगिनचा कोड त्याच्याकडे जायचा. खात्याचा फोन-ईमेल बदलून मिळायला पाच आठवडे गेले. हे काम पहिल्या आठवड्यात सुरू झाले असते तर नोकरी महिनाभर आधी लागली असती.

मे महिन्यात तिला शाळेच्या किचनमध्ये आठवड्याला 16 तासांचे काम मिळाले. तासाला 12.21 पौंड, म्हणजे आठवड्याला 195.36. कमी उत्पन्नाच्या एनआरपीएफ कुटुंबातल्या दोन वर्षांच्या मुलांना नर्सरीचे आठवड्याला 15 तास मोफत मिळतात, फक्त अर्ज कौन्सिलकडे वेगळा करावा लागतो. तो झाला म्हणून मुलीची सोय लागली. मुलाला शाळेत जेवण मिळतच होते, तरी एनआरपीएफ कुटुंब म्हणून फ्री स्कूल मील्सची स्वतंत्र नोंद करून घेतली, कारण सुट्टीतली मदत त्या नोंदीवरून ठरते. कौन्सिलने पगार धरून रोख रक्कम कमी केली, निवारा चालू ठेवला. फॅमिली कोर्टाकडून नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर (नवऱ्याने त्रास देऊ नये असा हुकूम) मिळाली. त्या अर्जाला कोर्ट फी लागत नाही.

ऑगस्टमध्ये 60 दिवसांचे पत्र आले. वकिलाने त्याच आठवड्यात कन्सेशनचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी कौन्सिलने कळवले की आता युनिव्हर्सल क्रेडिट मिळेल, सबब मदत बंद. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता साधारण पाच आठवड्यांनी येतो. मधला ॲडव्हान्स हे फेडायचे कर्ज असते. पुन्हा पत्र गेले आणि पहिला हप्ता हातात पडेपर्यंत कलम 17 ची मदत चालू राहिली. बेनिफिटची मुभा आल्याने ती बेघरांच्या मदतीलाही पात्र झाली आणि त्याच कौन्सिलच्या हाउसिंग विभागाने कुटुंबाला तात्पुरते घर दिले.

तीन महिने संपायच्या आत मानवी हक्कांच्या आधारावर पुढचा अर्ज गेला, फी माफीसह. मुदतीत केलेल्या अर्जामुळे निर्णय येईपर्यंत आधीच्याच अटी चालू राहतात, म्हणजे बेनिफिटही. मुलांनी कोणाबरोबर आणि कुठे राहावे हा दावा फॅमिली कोर्टात चालू आहे. कोर्टाने परवानगी दिली तर साताऱ्याला परतायचे, असे बाई आता स्वतः म्हणतात. अर्ज मंजूर होण्याची शाश्वती नाही हे त्यांना माहीत आहे.

वेगळे काय करता आले असते

मॅशच्या फॉर्मवर व्हिसाच्या रकान्याआधी मुलांच्या गरजेचा रकाना असता आणि व्हिसाची खात्री त्याच दिवशी झाली असती, तर वकिलाचे पत्र आणि चुकीचा फॉर्म दोन्ही टळले असते. दुभाषी मागताना भाषा, स्त्री-पुरुष आणि राहण्याचे ठिकाण हे तिन्ही विचारायला हवे. यूकेव्हीआय खाते ताब्यात घेणे हे बँक खाते वेगळे करण्याइतकेच निकडीचे आहे आणि सोशल वर्करच्या पहिल्या यादीत ते असायला हवे.

शाळेने मात्र एक गोष्ट फार चांगली केली. रेफरलमध्ये ‘आईला पैशांची अडचण’ असे मोघम न लिहिता शिक्षिकेने मांडले होते की मुलगा दोन दिवस तेच कपडे घालून आला, डबा नव्हता, ‘आज रात्री आम्ही कुठे झोपणार’ असे त्याने वर्गात विचारले, आणि आज संध्याकाळनंतर कुटुंबाला जागा नाही. वकिलाचे संपूर्ण पत्र याच चार ओळींवर उभे होते.

कन्सेशननंतरच्या टप्प्यात एक अडचण हमखास येते. ई-व्हिसावर तीन महिन्यांची तारीख संपलेली दिसते आणि जॉब सेंटर बेनिफिट थांबवते. अर्ज मुदतीत केल्याची होम ऑफिसची पोच आणि वकिलाचे एक पानी पत्र तारीख संपण्याच्या आधीच युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलवर अपलोड करावे आणि हाउसिंग विभागाला व नोकरीच्या मालकाला त्याची प्रत द्यावी. इथे पोच पाठवायला चार दिवस उशीर झाला आणि एक हप्ता अडकला. तो तीन आठवड्यांनी मिळाला.